परीक्षेचे मीठ

शनिवार, १० फेब्रुवारी १९७९. सकाळचे साडेअकरा. रक्कम चोवीस रुपये. हजर तिघे: मुख्याध्यापक, रसायनशास्त्राचे सर आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून मी. मुख्याध्यापकांनी पैसे टेबलावर ठेवले, सरांनी ते माझ्याकडे सरकवले आणि मी ते मोजून खिशात घातले. एवढ्या रकमेत मला नागपूरहून स्ट्रॉन्शियम नायट्रेट नावाचा पांढरा क्षार आणायचा होता, आणि तो बुधवारच्या आत साकोलीच्या आमच्या प्रयोगशाळेत दिसायला हवा होता.

बुधवारी तपासनीस येणार होते. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आमच्याकडे घ्यायची की मुलांना भंडाऱ्याला पाठवायचे, हे त्यांच्या सहीवर ठरणार होते. त्यांनी आधी पाठवलेल्या यादीत सत्तावीस क्षार होते आणि प्रत्येकाचे किमान पन्नास ग्रॅम शिल्लक दाखवायचे होते. सव्वीस होते. सत्ताविसाव्याची जुनी बाटली पावसाळ्यात गळक्या छपराखाली आली होती. आतला माल आधी ओला झाला, मग दगडासारखा आवळला, आणि शेजारच्या फुटक्या बाटलीतले मोरचूद त्यात उतरून त्याचा रंग निळसर झाला होता. नोव्हेंबरात आम्ही नवीन मागणी पाठवली होती. उत्तर आले की माल शिल्लक नाही, मुंबईहून आला की कळवू. फेब्रुवारी उजाडला तरी कोणी काही कळवले नव्हते.

मुलांना भंडाऱ्याला जायला काहीच अडचण नव्हती. अडचण मुलींची होती. आमच्या एकोडी गावातून तीन मुली बारावीला होत्या आणि त्यातली एक माझी धाकटी बहीण. तिघींच्या घरच्यांनी शिकवायला होकार दिला तो एकाच अटीवर, की पोरगी दिवे लागायच्या आत घरी यायला हवी. साकोलीहून ते जमत होते. भंडाऱ्याची परीक्षा म्हणजे दोन रात्री परक्या घरी मुक्काम. आमच्या बाबांनी एका वाक्यात विषय संपवला होता, "मंग नाही देनार परीक्षा." बाबा फार बोलत नसत, त्यामुळे त्यांचे बोलणे बदलतही नसे. बहिणीचे वर्ष त्या पन्नास ग्रॅमवर टांगलेले होते.

बाराच्या बसने मी नागपूर गाठले. जाण्यायेण्याचे सोळा रुपये ऐंशी पैसे माझ्या पदरचे, ते वेगळे. रसायनांच्या दुकानाचे मालक गादीवर बसून हिशेब लिहीत होते. मी नाव सांगताच त्यांनी मान हलवली.

"अर्धा किलोची सीलबंद बाटली. ब्याण्णव रुपये."

"मले शंभरच ग्रॅम पाहिजे."

"खुला नहीं मिलता, मास्टरजी. सील तोडलं की उरलेला माल हवा पितो, गोळे होतात. मंग कोन नेते?"

मी खिशातले चोवीस रुपये गादीवर ठेवले आणि परीक्षेची, तीन मुलींची हकिगत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, मग आत जाऊन एक उघडलेली बाटली घेऊन आले. "हा माल तुमच्याच तिकडल्या एका आतषबाजाचा हाय. थोडा नेला त्यानं, बाकीचा सोमवारी नेनार. लाल ठिणग्यांचं झाड बनवते तो, लग्नासाठी. याच्यातून शंभर देतो. वीस पैसे ग्रॅम."

कागदासकट ते तोलू लागले तेव्हा मी म्हटले, "कागद आधी तोला."

"कागद किती भरनार?"

"ते तोलल्यावर कळंल."

कागद दोन ग्रॅम भरला. मालक माझ्याकडे बघून हसले आणि दोन ग्रॅम वरून घातले. मी वीस रुपयांचे हाताने लिहिलेले बिल घेतले आणि विचारले की हे विषारी आहे का.

"खायची वस्तू नाही. पोटात गेलं तर पोट बिघडंल. हात धुवाचे. ओलं होऊ द्याचं नाही. अन् मुख्य म्हंजे कोळसा, गंधक, लाकडाचा भुसा यांच्यात मिसळू द्याचं नाही. एकटं हाय तवर गरीब हाय. आगीच्या संगतीत गेलं की आगीले जोर देते."

हे शेवटचे वाक्य मी बिलाच्या मागे लिहून घेतले. लिहून घेतले म्हणून त्याचा फार उपयोग झाला असे नाही.

रात्री मावसभावाकडे राहिलो आणि रविवारी पहिल्या बसने घरी आलो. प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई मेहुणीच्या लग्नाला गेलेला. म्हणून पुडी घरी आणावी लागली. कागदात ओल येईल म्हणून काचेची झाकणाची बरणी धुऊन, उन्हात तासभर वाळवून त्यात माल भरला. पट्टी चिकटवून त्यावर शाईने लिहिले: स्ट्रॉन्शियम नायट्रेट, १०० ग्रॅम, परीक्षेसाठी, हात लावू नये. बरणी चुलीपासून लांब, देवळीत वरच्या फळीवर ठेवली. माझ्या मते खबरदारी पूर्ण झाली होती.

इथे एका शब्दाबद्दल सांगायला हवे. पुस्तकात ज्याला क्षार म्हणतात त्याला वर्गात सगळे साल्ट म्हणत, आणि घरी शिकवताना मी बहिणीला सोपे जावे म्हणून मीठ म्हणत असे. महिनाभर घरात हेच चालू होते. "भाऊ, मीठ वळखाले जमतच नाही." "भाऊ, मीठ चुकलं." "परीक्षेत कोनतं मीठ येईन?" माय हे ऐकत असे. तिच्या मनात या परीक्षेबद्दल पहिल्यापासूनच शंका होती.

"बारा वर्सं शाळेत जाऊन राहिली अन् मीठ वळखता येत नाही? चाखून पाय नं."

"माय, ते चाखाचं नसते. जाळून पायतेत."

"मीठ जाळतेत? नजर काढाले जाळतेत. शाळेत कायले?"

जाळून पाहणे म्हणजे ज्योतीची कसोटी. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवायची, क्षाराला लावायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. पोटॅशियम फिकट जांभळे, बेरियम पोपटी, कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम किरमिजी. विटकरी आणि किरमिजी यांत सगळी मुले घोटाळा करीत. आमच्या प्रयोगशाळेतली तार दीड इंचाची आणि तीही झिजलेली. तिच्यावर दिसणारा रंग डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाई. बहीण तर म्हणे की तिला दोन्ही रंग सारखेच दिसतात आणि ती देवाचे नाव घेऊन एक लिहून टाकते.

रविवारी जेवून मी शेतावर गेलो. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळीच्या डाळीचे पीक उभे होते, ते कधी उपटायचे हे बघायचे होते. परतताना बस थांब्यावर शेजारचे काका भेटले. ते जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते, तिथल्या क्वार्टरमध्ये राहत आणि सुटीला गावी येत. त्या आठवड्यात त्यांची पाळी बदलली होती म्हणून रविवारी संध्याकाळी आले होते. त्यांची मुलगी माझ्या बहिणीची वर्गमैत्रीण, त्या तिघींतलीच एक. परीक्षेचे कुठवर आले असे विचारत ते माझ्याबरोबर चालू लागले. नागपूरहून माल आणला असे सांगितल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

आमच्या दारात दहा-बारा बायका आणि तेवढीच पोरे दिसली. एक म्हैसही होती. कोणी आजारी पडले की काय म्हणून मी धावलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तडतड असा आवाज आला आणि दाराची चौकट आतून लाल झाली. साधी लाल नव्हे, नवरीच्या शालूसारखी. बायकांनी एका सुरात "अगं बाई!" केले.

काका जागीच थांबले. "हा रंग चुलीचा नाही."

"नाही," मी म्हटले. "वीस पैसे ग्रॅमचा आहे."

आत माय चुलीपुढे बसली होती. समोर पाटावर एक पोर, मायच्या मुठीत मोहरी, दोन मिरच्या आणि देवळीतल्या बरणीतला माल. बरणी शेजारी, झाकण उघडे. मी ओरडायच्या आत तिने मूठ तीनदा ओवाळली आणि चुलीत टाकली. पुन्हा तडतड, पुन्हा सगळी भिंत किरमिजी.

"पाय बाबू, पाय!" माय आनंदाने म्हणाली. "कशी नजर लागली होती पोराले! असा जाळ म्या जलमात नाही पाह्यला."

"माय, हे कायले घेतलं? हात लावू नये लिहिलं होतं वरते!"

"मले वाचता येते का? म्या इले इचारलं काय लिवलं हाय. ही म्हने परीक्षेचं मीठ."

बहीण कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली, पण हसू तिच्या गालांत मावत नव्हते.

मायचा विचार सरळ होता. पोरीने महिनाभर परीक्षेच्या मिठाचे भय घेतले. म्हणजे नजर त्या मिठाची. ज्याची नजर त्यानेच उतरते, घरच्या मिठाने काय होणार? म्हणून तिने बहिणीला बसवून परीक्षेच्या मिठाने नजर काढली. जाळ लाल झाला. शेजारची बाई विस्तव न्यायला आली होती, तिने तो पाहिला आणि आपल्या लेकराला घेऊन आली. मग तिसरी आली. बाहेरची म्हैस आठ दिवसांपासून दूध चोरत होती. ती आत येईना म्हणून मायने मूठ दारात जाऊन ओवाळली आणि आत आणून टाकली.

"भाजीत तर नाही टाकलं?" मी विचारले.

"म्या काय येडी हाव? चाखलं पहिले. जराबी खारट नाही, थंडगार कडू लागते. असं बिनकामाचं मीठ भाजीत कोन टाकते?"

"चाखलं?"

"जिभेले लावलं अन् थुकलं."

काकांनी तिला चूळ भरायला लावली, हात दोनदा धुवायला लावले आणि बायका-पोरांना अंगणात काढले. बरणीचे झाकण त्यांनीच लावले. "मावशी, आज नशीब की चुलीत टाकलं अन् तडतडलं, तेवढ्यावर भागलं. मीठ दिसलं म्हनून आगीत टाकाचं नाही. आमच्या इथं असल्या वस्तूच्या खोलीत माचिस नेली तर नोकरी जाते."

"तुमच्या इथं पोरीईची नजर काढतेत का?" माय म्हणाली.

काका हसले, मग एकदम गंभीर झाले. "माझ्या पोरीची नाही काढली नं? आमच्यात हे चालत नाही, मावशी. आमी सोडलं हे सारं."

"ते अन् तिसरी पोरगी, दोघी रंग पायाले आल्या होत्या. तुमची समोर बसलीच होती, म्हनून ओवाळून टाकलं. बसल्या लेकराले तसंच कसं उठवाचं?"

बायका गेल्यावर मी बहिणीला बाजूला घेतले. "तुले तर माहीत होतं. काहून थांबवलं नाही?"

"पयल्या मुठीले सांगितलं, भाऊ. माय ऐकेना. दुसऱ्या मुठीले मंग मीच पाहत राहिली." तिने डोळे वर केले. "आपल्या तारेवर असं कधी दिसतच नाही. आता मले किरमिजी झोपेतबी वळखू येईन. विटकरी असा नसतेच, भाऊ, विटकरीत पिवळं राहते."

उत्तर अगदी बरोबर होते. रागावावे की शाबासकी द्यावी हे न कळून मी दोन्ही केले नाही.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलले. शिल्लक ३८.४ ग्रॅम. खर्च ६१.६. मायने मोजून सांगितल्याप्रमाणे मुठी बारा: बहीण, गावची दहा माणसे आणि एक म्हैस. सरासरी मूठ पाच ग्रॅमहून थोडी जास्त. पन्नासाला ११.६ ग्रॅम कमी पडत होते.

सरांना सगळे खरे सांगितले. ते आधी हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले. "राखेत असणार रे स्ट्रॉन्शियम, गेलं कुठं नाही. पण राखेतून काढेपर्यंत तुझ्या बहिणीची नातवंडं बारावीला येतील."

मी म्हटले की बहिणीने हा क्षार परीक्षेआधी पाहिला, ही गोष्टही तुमच्या कानावर घालतो. ते म्हणाले, "सत्तावीसच्या सत्तावीस अभ्यासक्रमात आहेत. कोणता येईल ते पाकीट फुटल्यावर मलाही कळेल. तू वजनाचं बघ."

मुख्याध्यापकांना हसू आले नाही. त्यांनी दार लोटले आणि हळू आवाजात विचारले, "दुसरा एखादा पांढरा नायट्रेट बारा ग्रॅम टाकला तर?"

सरांनी सांगितले की सोडियमचा टाकला तर चिमूटभरानेही ज्योत पिवळी होईल आणि किरमिजी तिच्यात बुडून जाईल. मी सांगितले की टाकला तर मला तो साठा नोंदवहीत लिहावा लागेल. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांकडे पाहिले आणि दार उघडले. "मग आणा कुठून तरी. उद्या संध्याकाळपर्यंत."

नागपूरच्या दुकानातली ती बाटली आजच आतषबाजाकडे जाणार होती. म्हणजे माल नागपुरात नव्हताच, आमच्या बाजूला येत होता. मंगळवारी पहाटे सायकल काढली आणि विचारत विचारत त्याचे गाव शोधले. साकोलीहून दोन तास लागले. त्याचे काम गावाबाहेर, बोडीच्या पाळीखाली चालत असे. बोडी म्हणजे आमच्याकडचे लहान तळे, पाळ म्हणजे त्याचा बांध. पाळीवर दोन आणि खाली दोन अशा चार झोपड्या, एकमेकींपासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

तो साठीचा, अंगाने काटकुळा, उघडा. मला पाहताच लांबूनच ओरडला, "तिथंच थांब! चपलेत खिळे हायेत का?"

"हायेत."

"मंग काढ. बिडी-माचिस?"

"नाही पीत."

"नाही पीत असं सारेच म्हनतेत. खिसे दाखव."

मी खिसे उलटे करून दाखवले. त्यात किल्ली निघाली, तीही दगडावर ठेवावी लागली. मग त्याने मला आंब्याखाली बसवले आणि काम विचारले. स्ट्रॉन्शियम हे नाव त्याला माहीत नव्हते. मी रंग सांगितला तेव्हा म्हणाला, "लाली म्हन नं सरळ. कालच आली. कोनाचं लगन हाय?"

मी सांगितले की लग्न नाही, परीक्षा आहे, आणि माझ्या मायने बारा मुठी चुलीत टाकल्या.

"मुठीनं?" तो उभाच राहिला. "लाली मुठीनं? म्या तीस वर्सं हे काम करून राहिलो, चिमटीच्या वरते कधी उघड्यावर टाकली नाही! किती लाल झालं?"

"दाराची चौकट लाल झाली."

"तडतडली?"

"फुटान्यासारखी."

"मंग माल चांगला हाय," तो समाधानाने म्हणाला. "म्या अजून जाळून पाह्यला नव्हता. तुझ्या मायनं माझं काम केलं."

त्याची कामाची रीत मी बारकाईने पाहिली, कारण ती आमच्या प्रयोगशाळेपेक्षा कडक होती. लाली एका झोपडीत, गंधक दुसरीत, कोळशाची पूड तिसरीत, सोरा चौथीत. एकाचा डाव दुसऱ्यात जात नसे. डाव लाकडी, लोखंडाचा एकही नाही. प्रत्येक झोपडीच्या दारात पाण्याचा माठ, आणि एकीतून दुसरीत जाताना हात धुवायचे. मातीच्या मडक्यावर त्याने फडके बांधून वर परात झाकली होती, ओल लागू नये म्हणून. कोणत्याच मडक्यावर नाव लिहिलेले नव्हते. मी विचारले तर म्हणाला, "चार झोपड्या, चार मालं. नाव लिवलं की मानूस वाचते अन् चुकते." माझ्या घरी नेमके असेच झाले होते.

"किती पाहिजे?"

"अकरा ग्रॅम आणि सहा दशांश."

"ग्रॅम-बीम मले समजत नाही. माझ्यापाशी तोळा हाय."

मी मनात आकडा मांडला. तोळा म्हणजे अकरा ग्रॅम आणि साडेसहा दशांशाच्या वर थोडेसे. कमी पडत होते ते जवळजवळ एक तोळा. इतका जमलेला हिशेब माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. त्याने सोनाराच्या लहान ताजव्यात एक तोळा तोलला. काटा सरळ झाल्यावर मी वाकून पाहिले तर म्हणाला, "तू किराना दुकानात असाच पायतेस का?"

"हो."

"मंग तुले बायको भेटाची नाही."

पैसे विचारले. त्याने तीन रुपये सांगितले. दुकानच्या भावाने तोळ्याचे दोन रुपये तेहतीस पैसे होतात, पण नागपूरचे भाडे आणि मडक्यातली राखण धरता तीन रास्त होते. मी नोट काढली, तर त्याने हात मागे घेतला. "परीक्षा पास होऊ दे तुमच्या शाळेची. म्या साकोलीच्या बाजारात येतो, तवा दे. आज घेतले अन् उद्या माल नापास झाला, तर माझ्या लालीचं नाव खराब."

मंगळवारी दुपारी तोळा आमच्या तराजूवर ११.७ ग्रॅम भरला. तो मी आधीच्या मालात मिसळला नाही, वेगळ्या बाटलीत ठेवला. सरांनी तारेच्या टोकावर घेऊन ज्योत पाहिली आणि मान हलवली. मग नोंदवहीचा प्रश्न आला. मुख्याध्यापक म्हणाले, "६१.६ ग्रॅम सांडले, असं लिहा."

"सांडले नाहीत सर. जळले."

"मग जळले लिहा."

"कुठे जळले ते विचारतील."

मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि ते खोलीबाहेर गेले. मी लिहिले: प्राप्त १००.० ग्रॅम. पैकी ६१.६ ग्रॅम सहायकाच्या घरी नजर काढण्यात खर्च. किंमत सहायक भरून देईल. आतषबाजाकडून एक तोळा प्राप्त, ११.७ ग्रॅम. एकूण शिल्लक ५०.१.

बुधवारी तपासनीस आले. उंच, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. सव्वीस बाटल्या त्यांनी तोलल्या आणि सत्ताविसाव्या क्षाराच्या दोन बाटल्या पाहून थांबले. "दोन का?"

"दोन ठिकाणचा माल आहे, साहेब."

त्यांनी नोंदवही उघडली. मी त्यांचा चेहरा पाहत होतो आणि मुख्याध्यापक खिडकीबाहेर. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, "नजर काढण्यात खर्च." मग माझ्याकडे पाहिले. "इतकं खरं लिहायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जे झालं ते लिहिलं, साहेब."

"असं लिहिलेलं मी कधी वाचलं नाही. सगळीकडे सांडलेलंच असतं." त्यांनी दोन्ही बाटल्या एकत्र तोलल्या. ५०.१. मग आतषबाजाच्या मालातून कणभर तारेवर घेऊन ज्योतीत धरला. किरमिजी. पुन्हा धरला. पुन्हा किरमिजी. "घरी हा रंग दिसला?"

"याच्या शंभरपट, साहेब."

"कोणी पाहिला?"

"माझ्या बहिणीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी. तिघीही याच परीक्षेला बसणार आहेत."

ते खुर्ची ओढून बसले, कागद काढला आणि सही केली. परीक्षा साकोलीलाच ठरली. निघताना दारात थांबून मुख्याध्यापकांना म्हणाले, "छप्पर दुरुस्त करा. आणि मुलांसाठी नवीन तार घ्या. त्यांना चुलीवर शिकावं लागू नये."

बाबांना सांगितले तेव्हा ते बैलाला पाणी पाजत होते. "दिवे लागाच्या आत येईन नं?" एवढेच विचारले. "येईन," मी म्हटले. तिन्ही मुलींनी परीक्षा दिली आणि सहाच्या आत घरी आल्या. बहिणीच्या पाकिटात नवसागर निघाला. त्याला ज्योतीचा रंगच नसतो. ती दोन दिवस माझ्यावर रुसली होती, जणू पाकीट मीच भरले होते. तरी प्रात्यक्षिकात तिला तीसपैकी सव्वीस मिळाले.

तीन रुपये मीच देणार होतो, पण मायने ऐकले नाही. तिचे म्हणणे की बारा जणांची नजर उतरली, तर प्रत्येकाने चार आणे द्यावे. ती घरोघर फिरली. नऊ घरांनी कुरकुर न करता दिले. म्हशीच्या मालकिणीने साफ नाही म्हटले. "माही म्हैस अजून दूध चोरून राहिली. तिची नजर उतरलीच नाही, तुमच्या मिठात कमी होतं."

"तिनं तोंड फिरवलं होतं तवा," माय म्हणाली. "त्याले म्या काय करू? मूठ तर गेली नं."

अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी म्हैस व्याली की खरवस देण्याच्या बोलीवर चार आणे निघाले. मग काकांच्या घरी गेली. काका सुटीवर होते. त्यांनी खिशातून चार आणे काढून तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हे नजरेचे नाही, मावशी. रंग पाह्यला त्याचे."

"कायचेबी असो," माय म्हणाली आणि पैसे पदरात बांधले.

बहिणीचे चार आणे मायने स्वतःच्या डब्यातून घातले. एकूण बारा नाणी. आतषबाज बाजाराच्या दिवशी साकोलीला आला, तेव्हा त्याने ती जमिनीवर मांडून दोनदा मोजली आणि मायने ती कशी जमवली ते ऐकून म्हणाला की मी किराणा दुकानात तसा का पाहतो ते त्याला आता समजले.

१ मार्चला पगार झाला. ६१.६ ग्रॅमचे वीस पैसे दराने बारा रुपये बत्तीस पैसे मी शाळेला भरले, पावती घेऊन. आतषबाजाचे तीन रुपये आधीच त्या बारा नाण्यांत फिटले होते, पावतीशिवाय.